मूळ वचनाचे राखणदार : श्रीनागदेवाचार्य

सर्वज्ञ श्रीचक्रधर प्रभूंनी साधकांसाठी जो आचारधर्म निरूपिला, त्यात वसतीचा विचार फार बारकाईने केलेला आहे. साधकाने महाराष्ट्रात असावे. कानडदेश व तेलंगदेश हे विषयबहुल म्हणून वर्ज्य करावेत. आणि मातापूर व कोल्हापूर या दोन स्थानी जाऊ नये, असा त्या निरूपणाचा आशय आहे. ही स्थाने साभिमान आहेत. तेथील देवता आपल्या स्थानाचा अभिमान धरतात आणि परमेश्वराच्या मार्गाने निघालेल्या साधकाला अंतराय करतात, असे त्याचे कारणही सांगितलेले आहे. सूत्रपाठाचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाच्या वाचनात हे वचन येते. पुष्कळदा मात्र ते वर्ज्यस्थानांच्या यादीतील एक नोंद म्हणून वाचले जाते आणि मागे पडते. वस्तुतः परमार्गाचे आद्य आचार्य श्रीनागदेवाचार्य यांचे चरित्र समोर ठेवून हे वचन वाचले, तर समुदाय कसा चालवावा याविषयीचा एक मोठा सिद्धांत त्यातून उलगडतो.

कोल्हापूर हे स्थान किती प्रबळ आहे याची कल्पना यावयास जोतिबाच्या डोंगराकडे पाहावे. करवीर नगरीच्या वायव्येस सुमारे १८ किलोमीटरांवर, पन्हाळ्याच्या परिसरात, वाडी रत्नागिरी नावाचे गाव डोंगरमाथ्यावर वसलेले आहे. तेथील केदारनाथ म्हणजेच लोकांचा जोतिबा. करवीरच्या महालक्ष्मीच्या साह्यार्थ केदारनाथ दक्षिणेत आले, त्यांनी रत्नासुरादी दैत्यांचा संहार केला आणि देवीच्या आग्रहावरून ते या डोंगरावरच राहिले, अशी स्थानिक परंपरा आहे. म्हणजे लोकश्रद्धेनेच हा डोंगर कोल्हापूरच्या क्षेत्राशी बांधून टाकला आहे. चैत्री पौर्णिमेला तेथे लाखो माणसे जमतात. गावोगावच्या उंच सासनकाठ्या नाचतात, गुलालाने सारा डोंगर लाल होतो आणि चांगभलेच्या गजराने दऱ्या भरून जातात. शेतकरी आपले पीक, गुरे आणि लेकरे यांचे क्षेम त्या देवाकडे मागतो आणि नवस फेडावयास वर्षानुवर्षे डोंगर चढतो. ही श्रद्धा खोटी आहे असे कोणी म्हणणार नाही. ती प्रबळ आहे, आणि प्रबळ आहे म्हणूनच सर्वज्ञांनी साधकाला त्या क्षेत्रापासून दूर राहावयास सांगितले.

यात एक कठीण प्रश्न आहे. श्रीदत्तात्रेय प्रभू हे पंचकृष्णांपैकी एक. त्यांची निद्रा मातापुरी, भोजन पांचाळेश्वरी आणि भिक्षा कोल्हापुरी, असे परंपरेने सांगितले जाते. ज्या नगरीत प्रत्यक्ष परमेश्वरावतार भिक्षा मागतात, त्या नगरीकडे त्यांच्याच मार्गातील साधकाने पाठ का फिरवावी? माहूरला देवदेवेश्वराचे दर्शन पंथीय घेतात. ते श्रीदत्तात्रेय प्रभूंच्या संबंधामुळे घेतात, तेथील स्थानदेवतेच्या संबंधामुळे नव्हे. असे असता निषेधाचे प्रयोजन काय?

याचे उत्तर जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर या चार पदार्थांच्या विवेकात आहे. देवता खऱ्या आहेत, त्यांना सामर्थ्य आहे, त्या फळही देतात. पण ते फळ सान्त आहे. देवताचक्राच्या नऊ थोव्यांपैकी कोणत्याही देवतेच्या ठायी मोक्ष नाही. मोक्ष केवळ परमेश्वर देतो. ज्याला ऐहिक फळ हवे आहे त्याला देवतेचे स्थान बाधक नाही. ज्याने सर्व सोडून परमेश्वराची वाट धरली आहे, त्याला मात्र लवकर मिळणारे फळ आणि सभोवतालचा लोकसमूह हीच सर्वांत मोठी अडचण होते. अवतारांना स्थानाचा अभिमान बाधत नाही, साधकाला बाधतो. म्हणून प्रभूंची भिक्षा कोल्हापुरी असली, तरी साधकाची वाट कोल्हापूरकडे नाही. या निषेधात देवतेची निंदा नसून साधकाची राखण आहे.

जी गोष्ट एका साधकाची, तीच समुदायाची. संस्थापक दृष्टीआड झाला म्हणजे समुदायापुढे अनेक साभिमान स्थाने उभी राहतात. विद्येचा अभिमान हे एक स्थान, राजाश्रय हे दुसरे, लोकांची गर्दी हे तिसरे आणि नेत्याचे स्वतःचे माहात्म्य हे चौथे. यांपैकी प्रत्येक ठिकाणी लवकर फळ मिळते आणि प्रत्येक ठिकाणी मूळ वाट सुटते. श्रीचक्रधर प्रभूंच्या मागे परमार्ग या चारही स्थानांजवळून गेला आणि कोठेही अडकला नाही. याचे श्रेय श्रीनागदेवाचार्यांकडे जाते.

नागदेव हे पूर्वी दादोस म्हणून प्रसिद्ध असलेल्या रामदेवांच्या परिवारातील. त्यांच्या मातोश्री आबाइसा, भगिनी उमाइसा आणि चुलत भगिनी महदाइसा या सर्वांनीच पुढे श्रीचक्रधर प्रभूंचे अनुसरण केले. एका कुळातील इतक्या स्त्रिया संन्यासमार्गाला लागाव्यात ही त्या काळी असामान्य गोष्ट होती. स्त्रीला मोक्षाचा अधिकार आहे, शूद्राला आहे, अंत्यजाला आहे आणि चारही वर्णांच्या घरची भिक्षा साधकाला ग्राह्य आहे, हे सर्वज्ञांनी केवळ सांगितले नाही, तर तसे वागून दाखविले. नागदेवांनी हे सर्व डोळ्यांनी पाहिले होते. पुढे त्यांना भट किंवा भटोबास या नावाने सारा समुदाय ओळखू लागला. विद्वत्तेत त्यांच्याहून थोर असलेले अनेक जण त्या समुदायात होते. त्यांचा विशेष असा की जे ऐकले ते त्यांनी जसेच्या तसे धरून ठेवले.

इ. स. १२७४ च्या सुमारास श्रीचक्रधर प्रभूंनी उत्तरापंथे गमन केले. या मार्गाला देवगिरीच्या राजदरबाराशी संबंधित वजनदार मंडळींचा विरोध होता, आणि ज्यांच्या आधारावर समुदाय उभा होता ते प्रभू आता संनिधानात नव्हते. त्या वियोगाने नागदेवांची जी अवस्था झाली तिचे वर्णन स्मृतिस्थळात आले आहे. अन्नपाण्याची शुद्ध राहिली नाही, रानावनातून भ्रमण सुरू झाले, देह ठेवावा की टाकावा असे झाले. भक्ताच्या दृष्टीने पाहिले तर हे प्रेमाचे लक्षण होय. परंतु प्रभूंची आज्ञा वेगळी होती. आपल्या मागे ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या संनिधानी राहावे, असे त्यांनी शिष्यांना सांगून ठेवले होते.

नागदेवांच्या आयुष्यातील हा पहिला निर्णायक प्रसंग. एका बाजूला स्वतःचे दुःख होते, दुसऱ्या बाजूला दिलेली आज्ञा होती. दुःख खरे होते आणि उदात्तही होते. तरी ते स्वतःचे होते. नागदेवांनी स्वतःला त्यातून सावरले आणि ते ऋद्धिपूरच्या वाटेला लागले. पुढे त्यांनी इतरांना वारंवार मूळ वचनाकडे आणले. त्याआधी त्यांना स्वतःला तेथे परतावे लागले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ज्याने आपल्या सर्वांत प्रिय भावनेलाही आज्ञेपुढे मुरड घातली, त्याच्या शब्दाला पुढे समुदायात वजन आले.

ऋद्धिपूर हे आजच्या अमरावती जिल्ह्यातील गाव. श्रीगोविंदप्रभू तेथे वास्तव्य करून होते. त्यांची वागणूक लोकविलक्षण होती. लौकिक रीतीचे कोणतेही बंधन त्यांना नव्हते. गावकऱ्यांना ते माता आणि पिता या दोन्ही ठिकाणी होते. मातंगांना पाण्याचे दुःख होते तेव्हा त्यांच्यासाठी विहिरीचे पाणी प्रकट करणारे, कोणाच्याही घरी सहज शिरून अन्न घेणारे असे हे प्रभू. त्यांची सेवा करणे सोपे नव्हते. उपदेश नाही, चर्चा नाही. केवळ त्यांच्या प्रवृत्तीप्रमाणे संनिधानात राहावयाचे. नागदेव, महदाइसा, म्हाइंभट आणि इतर शिष्य या सेवेत सुमारे १४ वर्षे राहिले. महदाइसेचे धवळे रचले गेले ते याच ऋद्धिपुरी. या काळात नागदेव समुदायाचे ज्येष्ठ होते, पण त्यांनी स्वतःला सेवकापेक्षा अधिक काही मानले नाही.

याच १४ वर्षांत परमार्गाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचे एक कार्य घडले. सराळ्याचे म्हाइंभट हे संपन्न घरचे आणि वादविद्येत निपुण असे पंडित. श्रीचक्रधर प्रभूंशी वाद करावयास आलेला हा विद्वान त्यांचा शिष्य होऊन राहिला होता. प्रभूंच्या लीळा ज्यांनी प्रत्यक्ष पाहिल्या त्यांची पिढी हळूहळू सरत जाईल, आणि मग उरेल ती ऐकीव, वाढवलेली, प्रत्येकाच्या मनाप्रमाणे वळवलेली कथा, हे भय म्हाइंभटांना वाटले. त्यांनी गावोगाव फिरून ज्याने जी लीळा पाहिली त्याच्याकडून ती मिळविण्यास आरंभ केला. नागदेवांनी स्वतःच्या स्मरणातील लीळा त्यांना सांगितल्या आणि जमविलेल्या लीळा पारखून दिल्या. इ. स. १२७८ च्या सुमारास लीळाचरित्र सिद्ध झाले. मराठीतील हा आद्य गद्यचरित्रग्रंथ होय.

या ग्रंथाच्या मागे जी शिस्त आहे ती नेतृत्वाच्या दृष्टीने विचारात घेतली पाहिजे. संस्थापकाचे चरित्र लिहिताना अद्भुताची भर घालणे कोणत्याही समुदायाला सोपे असते आणि त्याने अनुयायीही वाढतात. लीळाचरित्रात मात्र प्रभूंचे चालणे, जेवणे, थट्टा, राग, आजार, शिष्यांची भांडणे आणि त्यांच्या चुका हे सर्व आलेले आहे. खुद्द नागदेवांना प्रभूंनी ज्या ठिकाणी बोल लावला, ते प्रसंगही त्यात वगळलेले नाहीत. ज्याच्या देखरेखीखाली ग्रंथ होतो, त्याचे उणे त्या ग्रंथात राहते, हे फार थोड्या ठिकाणी घडले असेल. स्वतःच्या माहात्म्यासाठी स्मृतीत फेरफार करावयाचा नाही, हा दंडक नागदेवांनी प्रथम स्वतःला लावला.

इ. स. १२८७ च्या सुमारास श्रीगोविंदप्रभूंनीही देह ठेवला. आता संनिधान सर्वथा संपले. प्रश्न विचारावा असा अवतार पृथ्वीतलावर राहिला नाही आणि समुदायाचा सारा भार नागदेवांवर आला. पुढची सुमारे १५ वर्षे हा त्यांच्या आचार्यपदाचा काळ. या काळात मार्गाकडे विद्वानांचा ओघ सुरू झाला. केशिराज व्यास आले, पंडित दामोदर आले, कवी नरेंद्र आले. विद्वान येणे ही समुदायाला प्रतिष्ठेची गोष्ट असते, आणि संकटही तेथूनच सुरू होते.

केशिराज आणि पंडित दामोदर यांच्यासारख्या शिष्यांना शास्त्रचर्चेची भाषा म्हणजे संस्कृत, हे जन्मजात वळण होते. त्यांनी आचार्यांना संस्कृतात प्रश्न केला तेव्हा आचार्यांनी ते बोलणे थांबविले. तुमची ती पंडिती वाणी आपण जाणत नाही, श्रीचक्रधरांनी आपल्याला मराठीत निरूपण केले आहे, तेव्हा मराठीतच विचारा, असा त्यांच्या सांगण्याचा भाव होता. आचार्यपदावरील माणसाने शिष्यांसमोर आपले अज्ञान असे उघड करावे यात त्यांना कमीपणा वाटला नाही. कारण मार्गाचा अधिकार त्यांच्या विद्येवर उभा नव्हता. तो प्रभूंच्या वचनावर उभा होता, आणि ते वचन मराठी होते.

दुसरा प्रसंग याहून मार्मिक आहे. केशिराजांनी संस्कृतात स्तोत्ररचना केली होती. त्यांची रत्नमाला प्रसिद्धच आहे. त्यांचा कल पाहता प्रभूंचे सारे निरूपण संस्कृतात गेले असते तर नवल नव्हते. तसे झाले असते तर देशोदेशीच्या पंडितांत मार्गाची कीर्ती पसरली असती. आचार्यांनी त्यांना आवरले. याने माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील, अशी त्यांची चिंता होती. ज्या वृद्ध स्त्रियांनी घरदार सोडून प्रभूंचे अनुसरण केले, ज्यांना अक्षरओळखही बेताची, त्यांच्या हातातील ठेवा पंडितांच्या भाषेत गेला, तर तो त्यांच्याकडून हिरावून घेतल्यासारखाच होईल, हे त्यांनी ओळखले. केशिराजांचे थोरपण असे की त्यांनी हे मानले. सर्वज्ञांची वचने लीळांतून वेचून त्यांनी सूत्रपाठ सिद्ध केला तो मराठीत, आणि ११४ दृष्टान्तांचा दृष्टान्तपाठही मराठीत. आज ज्या ग्रंथावर शतकानुशतके भाष्ये, बंद आणि टीका होत आल्या आहेत, त्या ग्रंथाची भाषा एका आचार्याने म्हाताऱ्यांची आठवण ठेवून ठरविली. विद्येच्या साभिमान स्थानापाशी मार्ग अडकला नाही तो असा.

राजाश्रयाचे स्थान नरेंद्रांच्या निमित्ताने पुढे आले. नरेंद्र हे देवगिरीच्या रामदेवराव यादवांच्या दरबारातील कवी. त्यांनी रुक्मिणीस्वयंवर रचले. ते काव्य इतके रसाळ उतरले की राजाला ते स्वतःच्या नावावर हवेसे वाटले आणि त्यासाठी त्याने सुवर्ण देऊ केले. नरेंद्रांनी ते नाकारले आणि आपल्या भावांसह ते आचार्यांना शरण आले, अशी कथा स्मृतिस्थळात आहे. एक गोष्ट येथे स्पष्ट दिसते. दरबार सोडून आलेल्या कवीला आचार्यांनी दिले ते भिक्षापात्र. दरबाराशी संधान बांधण्यासाठी या नव्या शिष्याचा उपयोग करण्याचा विचार त्या चरित्रात कोठेही दिसत नाही. पुढे थोड्याच वर्षांत, इ. स. १२९६ च्या सुमारास, अल्लाउद्दीन खलजीने देवगिरीवर स्वारी केली आणि यादवांच्या वैभवाला ओहोटी लागली. ज्यांची मुळे दरबारात होती ते दरबाराबरोबर हलले. ज्यांची वस्ती झाडातळी होती त्यांचे स्थान गेले नाही.

झाडातळीची वस्ती हा केवळ अलंकार नव्हे. गर्दीच्या ठिकाणी न राहता देशाच्या कडेला, झाडाच्या मुळाशी असावे; एकेकट्याने अटन करावे; विजनात स्मरण करावे; भिक्षेवर निर्वाह करावा, हा सर्वज्ञांनी दिलेला नित्यक्रम होता. समुदाय वाढू लागल्यावर हा क्रम पाळणे कठीण होते. वाढत्या समुदायाला निवारा हवा, धान्य हवे, यात्रेकरू हवे, दाते हवे. हे सारे एखाद्या गजबजलेल्या क्षेत्री सहज मिळते, आणि श्रीदत्तात्रेय प्रभूंच्या भिक्षेचे निमित्त सांगून करवीर क्षेत्री ठाण मांडावयास कारणही शोधता आले असते. आचार्यांचा वावर ऋद्धिपूर आणि गंगातीर या प्रभूंच्या चरणांकित भूमीतच राहिला. साभिमान स्थानांचा निषेध त्यांनी सोयीप्रमाणे सैल केला नाही. गर्दी जेथे आहे तेथे जाऊन तिचे नेतृत्व करण्यापेक्षा, थोड्यांना घेऊन मूळ आचारात राहणे त्यांनी पसंत केले.

जोतिबाच्या डोंगराचा पुढचा इतिहास येथे तुलनेसाठी उपयोगी पडतो. आचार्यांच्या काळानंतर काही शतकांनी, इ. स. १७३० मध्ये, राणोजी शिंदे यांनी तेथील मुख्य मंदिर नव्याने बांधले आणि इ. स. १८०८ मध्ये दौलतराव शिंदे यांनी शेजारचे केदारेश्वराचे मंदिर उभारले. कण्हेरखेडच्या पाटीलकीतून निघून ज्यांचा अंमल माळव्यापर्यंत आणि ग्वाल्हेरपर्यंत गेला, ते सरदार आपल्या कुलदैवताला विसरले नाहीत. ऐश्वर्य मिळाल्यावर ते डोंगराकडे परतले आणि त्यांनी काळ्या पाषाणात आपली कृतज्ञता उभी केली. हेही मुळाकडे परतणेच होय आणि लौकिकात त्याचे मोल मोठे आहे. परंतु पाषाणाला राजाश्रय लागतो, दुरुस्ती लागते, उत्पन्न लागते, आणि त्यामागून मानपान व हक्कही येतात. आचार्य जेथे परतले ते स्थान वचनाचे होते. ते जतन करावयास द्रव्य लागत नाही. स्मरण लागते आणि त्याप्रमाणे वागावे लागते. पहिल्या मार्गाने क्षेत्र वाढते. दुसऱ्याने साधक वाढतो. दोहोंची गल्लत होऊ नये म्हणूनच चार पदार्थांचा विवेक आहे.

आता उरले चौथे स्थान, नेत्याचे स्वतःचे माहात्म्य. हे सर्वांत अवघड, कारण ते बाहेर नसून आत असते. ज्याने प्रभूंना पाहिले, ज्याच्या स्मरणावर ग्रंथ झाले, ज्याच्यापुढे पंडित आणि कवी नम्र झाले, त्याला त्याचे अनुयायी अवतार मानू लागणे अगदी स्वाभाविक होते. इतर अनेक संप्रदायांत असे झाले आहे. परमार्गात श्रीकृष्ण, श्रीदत्तात्रेय, श्रीचक्रपाणी, श्रीगोविंदप्रभू आणि श्रीचक्रधर हे पंचकृष्ण आहेत. ते पाचच राहिले. आद्य आचार्य असूनही नागदेव सहावे झाले नाहीत. आचार्य म्हणजे परमेश्वर नव्हे, परमेश्वराच्या वचनाची आठवण देणारा जीव, ही मर्यादा त्यांनी आपल्या वागण्याने इतकी घट्ट आखून दिली की सात शतकांत ती पुसली गेली नाही. इ. स. १३०२ च्या सुमारास त्यांनी देह ठेवला. त्यांच्या मागे बाइदेवबास आणि त्यानंतर कवीश्वरबास भास्करभट्ट बोरीकर यांनी ही धुरा वाहिली. समुदाय एका माणसावर उभा नसून वचनावर उभा होता, म्हणून माणसे बदलली तरी मार्ग चालू राहिला.

वचनावर उभे राहण्याची कसोटी लवकरच लागली. खलजींच्या धाडींच्या काळात लीळाचरित्राची मूळ प्रत नाहीशी झाली, असे पंथीय परंपरा सांगते. शिष्यांनी आपापल्या स्मरणातून ती पुन्हा उभी केली. आज जे पाठभेद दिसतात त्यांचे मूळ त्यात आहे. पोथी गेली तरी वचन गेले नाही, कारण ते आधी माणसांच्या मुखात आणि आचारात होते. आचार्यांनी जर ते मूठभर पंडितांच्या भाषेत जाऊ दिले असते, तर पोथीबरोबर बहुधा वचनही गेले असते.

परंतु पुढचा इतिहास केवळ गौरवाचा नाही. चौदाव्या शतकात ग्रंथरक्षणाच्या हेतूने सकळ लिपी आणि तिच्यामागून इतर सांकेतिक लिप्या प्रचारात आल्या. विरोधाच्या आणि धुमाकुळीच्या काळात पोथ्या अपात्र हातांत पडू नयेत, त्यांची विटंबना होऊ नये, हा हेतू समजण्यासारखा आहे आणि त्या लिप्यांनी पोथ्या राखल्या हेही खरे. तरीही त्याचा दुसरा परिणाम असा झाला की जे वचन म्हाताऱ्यांसाठी मराठीत ठेवले होते, ते मराठीत असूनही मराठी माणसाला वाचता येईना. मठाबाहेरच्या समाजात पंथाविषयी भलते गैरसमज पसरले. त्यांचे निराकरण करावयास ग्रंथ पुढे येऊ शकले नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी महंतांनी उदार मनाने किल्ल्या दिल्या आणि वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या अभ्यासकांनी परिश्रम केले, तेव्हा हा ठेवा पुन्हा देवनागरीत आला. ज्या महंतांनी पोथ्या उघडल्या त्यांनी काही नवे केले, असे वरवर पाहता वाटते. वस्तुतः ते आद्य आचार्यांच्या निर्णयाकडेच परतले.

येथे मूळ आणि रूढी यांतील भेद नीट ध्यानात घ्यावा लागतो. जुने ते सर्व मूळ असते असे नाही. सांकेतिक लिपी पाचसहा शतकांची जुनी झाली म्हणून ती मूळ होत नाही; तिच्या मागे असलेले वचन मूळ आहे आणि ते वचन कोणासाठी होते हे त्याहून मूळ आहे. नेतृत्वाचे काम हा भेद करण्याचे आहे. रूढी राखणारा पुष्कळदा मूळ हरवतो, आणि मूळ राखणाऱ्याला प्रसंगी रूढी सोडावी लागते. आचार्यांनी संस्कृत नाकारले ते त्या भाषेच्या द्वेषाने नव्हे. विद्वानांची रूढी आणि प्रभूंचा हेतू यांत विरोध आला तेव्हा त्यांनी हेतू धरला, इतकेच.

ऋद्धिपूर येथे अलीकडे मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आणि २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा लीळाचरित्राचे नाव सर्वत्र गौरवाने घेतले गेले. पंथीयांना याचा आनंद होणे साहजिक आहे. मात्र हा गौरव हेही एक साभिमान स्थान होऊ शकते, हे विसरता कामा नये. ग्रंथाचा मान वाढला आणि त्यातील आचार मागे पडला, तर आपण पुन्हा त्याच ठिकाणी येऊन थांबू, जेथून सर्वज्ञांनी साधकाला दूर राहावयास सांगितले. चार वर्णांच्या घरची भिक्षा, स्त्रीचा समान अधिकार, अहिंसा, अपरिग्रह आणि विजनातील स्मरण ही आचाराची सूत्रे आज किती आचरणात आहेत, हा प्रश्न मठाधिपतीपासून नव्या वासनिकापर्यंत प्रत्येकाने स्वतःला विचारावयाचा आहे.

जोतिबाच्या डोंगरावर दरवर्षी गुलाल उधळला जाईल, सासनकाठ्या नाचतील आणि कष्टकरी माणूस आपले गाऱ्हाणे देवापुढे मांडून हलक्या मनाने डोंगर उतरेल. त्याच्याशी साधकाचा वाद नाही. साधकाने आपली वाट तेवढी ओळखावयाची आहे, आणि समुदायाच्या पुढे चालणाऱ्याने, वाट चुकत आहे असे दिसताच, मागे वळून मूळ वचन काय होते हे पाहावयाचे आहे. नवे बोलण्याची शक्ती अनेकांना असते. जे दिले गेले ते न वाढविता, न घटविता, सर्वांत दुबळ्या माणसाच्या हाती पोहोचविण्याचे धैर्य थोड्यांना असते. आद्य आचार्य श्रीनागदेवाचार्य यांनी ते धैर्य आयुष्यभर दाखविले. त्यांच्या स्मरणास दंडवत प्रणाम.